तेहतीस तटस्थांचे सरकार

३ मे २००७ रोजी, गुरुवारी सकाळी, स्कॉटलंडच्या पार्लमेंटच्या निवडणुकीत, एडिनबरातील एका प्राथमिक शाळेच्या सभागृहात मी मत दिले. भारताची नागरिक असूनही मला तेथे मत होते, कारण ब्रिटनमध्ये रीतसर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तेथील निवडणुकांत मतदानाचा हक्क आहे. ही गोष्ट मला कळली तीच मुळी घरमालकीणबाईंनी मतदारनोंदणीचा कागद माझ्या दाराखालून सरकवला तेव्हा. सार्वजनिक धोरणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी आदल्या सप्टेंबरात कराडहून तेथे गेले होते आणि वर्षअखेरीच्या प्रबंधासाठी विषय शोधत होते. तो विषय पुढच्या दोन आठवड्यांत माझ्या डोळ्यांदेखत तयार झाला, म्हणून तो अनुभव क्रमाने लिहून ठेवते आहे.

मतदान केंद्रावर ना कुणी ओळखपत्र मागितले, ना बोटाला शाई लावली. यादीत नाव पाहिले, पत्ता विचारला, दोन कागद हातात दिले आणि फळ्यांच्या आडोशाकडे बोट दाखवले. तेथे दोरीने बांधलेली एक शिसपेन्सिल होती. माझे वडील तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले आणि उभ्या नोकरीत निवडणुकीची ड्यूटी न चुकवलेले. त्या रात्री फोनवर हे सांगितले तेव्हा ते क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, "अगं, मग तोच माणूस दुसऱ्यांदा आला तर ओळखायचा कशावरून?" मला उत्तर देता आले नाही.

त्या दोन कागदांनी मात्र मोठा घोळ घातला. स्कॉटिश पार्लमेंटच्या १२९ जागांपैकी ७३ जागा मतदारसंघांच्या, आणि उरलेल्या ५६ जागा आठ प्रदेशांत, प्रत्येकी सात याप्रमाणे, पक्षांच्या याद्यांतून भरल्या जातात. ज्या पक्षाला मतांच्या मानाने मतदारसंघ कमी मिळाले, त्याची तूट यादीतून भरून निघावी, असा त्यामागचा हिशेब आहे. म्हणजे प्रत्येकाला दोन मते. त्या वर्षी ही दोन्ही मते एकाच मोठ्या कागदावर शेजारीशेजारी दोन रकान्यांत छापली होती आणि तेथे फुलीची खूण करायची होती. दुसरा कागद त्याच दिवशी होणाऱ्या स्थानिक नगरपालिकांच्या निवडणुकीचा होता आणि तेथे फुली न करता १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे होते. मी स्वतः दोनदा सूचना वाचल्या आणि तरीही पेन्सिल हातात थबकली. परिणामी पार्लमेंटच्या निवडणुकीत एक लाखाहून अधिक मते बाद ठरली. स्कॉटलंडसारख्या पन्नास लाख वस्तीच्या देशात हा आकडा किती मोठा आहे, हे कनिंगहॅम नॉर्थ या मतदारसंघातील विजयी उमेदवार अवघ्या ४८ मतांनी निवडून आला, यावरून समजावे.

मतमोजणी यंत्रांवर होती आणि यंत्रांनी जागोजागी मान टाकली. कित्येक ठिकाणची मोजणी मध्यरात्रीनंतर थांबवून शुक्रवारी पुन्हा सुरू करावी लागली. आम्ही पाच-सहा विद्यार्थी वसतिगृहाच्या सामायिक खोलीत दूरचित्रवाणीसमोर बसलो होतो. पहाटे चारला निकालापेक्षा जांभया जास्त येत होत्या. शुक्रवारी संध्याकाळी अखेरचे आकडे लागले. स्कॉटिश नॅशनल पक्ष ४७, मजूर पक्ष ४६, हुजूर पक्ष १७, लिबरल डेमोक्रॅट १६, हरित पक्ष २ आणि अपक्ष एक, मार्गो मॅकडोनल्ड. एका जागेची आघाडी! १९९९ मध्ये हे पार्लमेंट अस्तित्वात आल्यापासून मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट यांचे आघाडी सरकार चालत आले होते, आणि आता स्वतंत्र स्कॉटलंड मागणारा पक्ष पहिल्या क्रमांकावर आला होता, तोही इंग्लंड-स्कॉटलंड एकीकरणाला तीनशे वर्षे पूर्ण झाली त्याच आठवड्यात. त्या पक्षाचे नेते ॲलेक्स सॅमंड हेलिकॉप्टरने एडिनबरातील एका हॉटेलच्या हिरवळीवर उतरले आणि जणू सत्ता हातात आलीच आहे अशा थाटात बोलले. ४७ सदस्यांच्या बळावर तो थाट मला त्या वेळी अगोचरपणाचा वाटला होता.

बहुमताला ६५ हवेत. मी वहीच्या शेवटच्या पानावर बेरजा मांडल्या, जशा त्या काळात तेथील प्रत्येकजण मांडत होता. मजूर अधिक लिबरल डेमोक्रॅट ६२. नॅशनल पक्ष अधिक लिबरल डेमोक्रॅट ६३, त्यात हरित पक्षाचे दोन मिळवले की बरोबर ६५. ही एकच बेरीज जुळण्यासारखी होती. पण नॅशनल पक्षाला स्वातंत्र्याच्या प्रश्नावर सार्वमत हवे होते आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाला ते मुळीच मान्य नव्हते. त्यांनी आघाडीच्या वाटाघाटीला बसायचेच नाकारले. हुजूर पक्ष कुणाशीच आघाडी करणार नव्हता. म्हणजे सरकार कुणाचेच होत नव्हते.

रविवारी वडिलांचा पहिला प्रश्न होता, "मग राज्यपालांनी कुणाला बोलावलं?" हा प्रश्न मराठी माणसाच्या तोंडी साहजिक आहे. आपल्याकडे आधी राजभवनाचे निमंत्रण, मग शपथ आणि त्यानंतर सभागृहात बहुमताची परीक्षा, असा क्रम. त्यामुळे सगळे लक्ष राजभवनाच्या फाटकाकडे. स्कॉटलंडमध्ये राज्यपालच नाही. १९९८ च्या स्कॉटलंड कायद्याप्रमाणे निवडणुकीनंतर २८ दिवसांच्या आत सभागृहाने आपल्यातील एकाचे नाव फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे आपल्याकडील मुख्यमंत्र्यासारखा सरकारप्रमुख, म्हणून सुचवायचे, अध्यक्षांनी ते राणीला (२०२२ पासून राजाला) कळवायचे आणि त्यांनी त्याची नेमणूक करायची. मुदतीत नाव ठरले नाही तर पुन्हा निवडणूक. कुणाला आधी संधी द्यायची हा विवेकाधीन प्रश्न त्यात उद्भवतच नाही. हे ऐकून वडील म्हणाले, "म्हणजे परीक्षा आधी आणि प्रवेश नंतर." मी प्रबंधात हेच तीन पानांत लिहिले, आणि ते याहून स्पष्ट झाले नाही.

त्या मधल्या दिवसांत आमदार कुठल्या हॉटेलात नेऊन ठेवले आहेत, हे मी वर्तमानपत्रांत नकळत शोधत होते. तसले काहीच छापून येत नव्हते. ९ मे रोजी सदस्यांचे शपथविधी झाले. ग्लासगोच्या यादीतून निवडून आलेले बशीर अहमद हे त्या सभागृहातील पहिले आशियाई सदस्य. अमृतसरात जन्मलेले, पाकिस्तानातून ग्लासगोला येऊन एकेकाळी बसवर काम केलेले. त्यांनी इंग्रजीनंतर उर्दूतही शपथ घेतली. माझ्या संगणकाच्या पडद्यावर ते दृश्य अडखळत दिसत होते आणि बाजूला बसलेल्या लाहोरच्या वर्गमैत्रिणीला रडू आवरत नव्हते.

११ मे रोजी नॅशनल पक्ष आणि हरित पक्ष यांचा एक छोटा करार झाला. हरित पक्षाचे रॉबिन हार्पर आणि पॅट्रिक हार्वी हे दोघे सॅमंड यांना फर्स्ट मिनिस्टरपदासाठी आणि त्यांच्या मंत्र्यांच्या नियुक्तीसाठी मत देणार. त्या बदल्यात नव्या अणुवीज केंद्रांना विरोध, हवामानबदलाचे विधेयक लवकर आणणे आणि संबंधित समितीचे प्रमुखपद हरित पक्षाला. अर्थसंकल्पाला पाठिंब्याची हमी त्यात नव्हती. पहिल्या वाचनात ती उणीव माझ्या ध्यानातच आली नाही. पावणेदोन वर्षांनी ती सरकारच्या अंगाशी आली.

१४ मे रोजी हुजूर पक्षाचे ॲलेक्स फर्ग्युसन सभागृहाचे अध्यक्ष झाले. वरवर पाहता ही औपचारिक निवड. पण अध्यक्ष मतदान करत नाही, बरोबरी झाली तरच त्याचे निर्णायक मत. तेव्हा नॅशनल पक्षाने आपला माणूस त्या खुर्चीत बसवला असता तर ४७ चे ४६ होऊन आघाडी संपली असती, आणि मजूर पक्षालाही आपला एक माणूस कमी करणे परवडणारे नव्हते. हुजूर पक्ष १७ वरून १६ वर आला आणि मतदान करणारे उरले १२८.

१६ मे, बुधवार. प्रेक्षक गॅलरीचे तिकीट मी चार दिवस आधी फोन करून मिळवले होते. ते फुकट असते, पण त्या दिवशी मागणी फार होती. एडिनबराच्या होलीरूड भागातली पार्लमेंटची ती इमारत २००४ साली उघडली, तिचा स्पॅनिश वास्तुशिल्पी एन्रिक मिरालेस ती पुरी होण्यापूर्वीच वारला होता, आणि तिच्या खर्चाबद्दल एडिनबराचे लोक अजून कुरकुरत होते. सभागृहात मात्र शिरल्याबरोबर मी ती कुरकुर विसरले. डोक्यावर लाकडाच्या लांबच लांब तुळया आणि पोलादी ताण, खाली घोड्याच्या नालेसारखी अर्धवर्तुळाकार आसने. सत्ताधारी आणि विरोधक समोरासमोर बसत नाहीत. सगळ्यांची तोंडे अध्यक्षांकडे. प्रत्येकाच्या मेजावर एक लहान यंत्र, त्यात आपले कार्ड सरकवायचे आणि बटण दाबायचे: होय, नाही, तटस्थ. गॅलरी त्या मेजांच्या इतकी जवळ आहे की पुढच्या रांगेत बसलेल्या मला एका सदस्याने कागदावर काढलेल्या रेघोट्या दिसत होत्या. त्यानेही माझ्यासारख्याच बेरजा मांडल्या होत्या.

उमेदवार चार होते: हुजूर पक्षाच्या ॲनाबेल गोल्डी, मजूर पक्षाचे आणि तोवरचे फर्स्ट मिनिस्टर जॅक मॅककॉनेल, नॅशनल पक्षाचे ॲलेक्स सॅमंड, लिबरल डेमोक्रॅट निकोल स्टीफन. प्रत्येकाचे भाषण झाले. गोल्डी आणि स्टीफन आपण निवडून येणार नाही हे जाणूनच उभे होते. तरी त्यांच्या पक्षांना पहिल्या फेरीत कुणा परक्याला मत द्यावे लागू नये, हा त्यातला हेतू उघड होता. नियम असा की पहिल्या फेरीत निवडून यायचे तर बाकी सगळ्यांच्या बेरजेहून जास्त मते हवीत. तसे कुणाला मिळाले नाही तर सर्वांत कमी मतांचे उमेदवार बाद, आणि दोनच उरले की ज्याला जास्त त्याची निवड. आकडे वाचले गेले: सॅमंड ४९, मॅककॉनेल ४६, गोल्डी १६, स्टीफन १६. तळाला बरोबरी, त्यामुळे दोघेही बाद.

दुसऱ्या फेरीपूर्वीची ती शांतता मला अजून आठवते. आता हुजूर पक्षाच्या आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या बत्तीस जणांना ठरवायचे होते. त्यांतल्या सोळा लिबरल डेमोक्रॅटांनी आठ वर्षे ज्यांच्याबरोबर सत्ता वाटून घेतली त्या मॅककॉनेल यांच्या नावापुढे बटण दाबले असते, तर ६२ विरुद्ध ४९ होऊन जुनेच फर्स्ट मिनिस्टर परत आले असते. त्यांनी ते केले नाही. सॅमंड ४९, मॅककॉनेल ४६, तटस्थ ३३. ते बत्तीस आणि मार्गो मॅकडोनल्ड. १२९ जणांच्या सभागृहात ४९ मतांनी सरकार आले, आणि ते ज्यांनी आणले त्यांतले तेहतीस जण त्याच्या बाजूने नव्हतेच.

टाळ्या वाजत असताना मी मॅककॉनेल यांच्याकडे पाहत होते. ते उठले, चालत गेले आणि सॅमंड यांचा हात हातात घेतला. मला थोडे अवघडल्यासारखे झाले, त्याचे कारण खासगी आहे. स्कॉटलंडच्या विद्यापीठातून पदवी घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना दोन वर्षे तेथे राहून काम करू देणारी 'फ्रेश टॅलेंट' योजना ही त्यांच्याच कारकिर्दीतली, आणि पुढे मी तेथे राहिले ते तिच्याच जोरावर. माझे मत त्यांच्या पक्षाला गेले नव्हते.

सॅमंड यांच्या भाषणाचा सूर पंधरवड्यापूर्वीच्या हेलिकॉप्टरला शोभणारा नव्हता. कुणाचेही निर्विवाद बहुमत नसलेल्या सभागृहात प्रत्येक धोरणासाठी वेगळा पाठिंबा मागावा लागेल, असे ते सरळ म्हणाले. दुसऱ्या दिवशी स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाच्या जुन्या वास्तूत, न्यायमूर्तींसमोर त्यांनी शपथ घेतली. मंत्रिमंडळ सहा जणांचे होते. येथे मला आपल्याकडील खातेवाटपाची आठवण येणे अपरिहार्य होते: वाटेकरी नसले की खाती फोडावी लागत नाहीत.

खरे शिक्षण त्यानंतर सुरू झाले. २७ जून रोजी एडिनबराच्या ट्रामचा विषय आला. जुन्या सरकारने मंजूर केलेला हा प्रकल्प नव्या सरकारला रद्द करायचा होता. पाच वाजता होलीरूडला 'निर्णयवेळ' असते, दिवसभराच्या चर्चेवरची सगळी मतदाने तेव्हा एकामागून एक होतात. त्या दिवशी पाच वाजता बाकीचे पक्ष एकत्र आले आणि सरकार हरले. मी घाईने बाहेर येऊन वडिलांना फोन लावला. "मग पडलं का सरकार?" नाही पडले. अविश्वासाचा ठराव मंजूर झाला तरच फर्स्ट मिनिस्टरला राजीनामा द्यावा लागतो. एरवी हरणे हा कामकाजाचा भाग. सरकारने नापसंती नोंदवली आणि ट्रामसाठी पैसे दिले. वडिलांना हे पटायला वेळ लागला, आणि खरे सांगायचे तर मलाही.

या सरकारची खरी ताकद विधेयकांत नव्हती. विधेयक न आणता जे करता येते ते त्यांनी झपाट्याने केले. जेथे सभागृह लागत होते तेथे मोजून पाऊल टाकले. फोर्थ आणि टे या दोन पुलांवरचा टोल फेब्रुवारी २००८ मध्ये गेला, कारण त्याला विरोध करण्याची कुणा मोठ्या पक्षाची छाती नव्हती. घरपट्टीऐवजी स्थानिक आयकर ही निवडणुकीतली मोठी घोषणा मात्र मते जुळणार नाहीत हे दिसल्यावर गुंडाळली गेली, आणि सार्वमताचे विधेयक तर त्या चार वर्षांत सभागृहापुढे मतालाच आले नाही. पहिला अर्थसंकल्प हुजूर पक्षाने तारला. त्यांना एक हजार जादा पोलीस आणि छोट्या दुकानदारांच्या करात लवकर सवलत हवी होती. मतदान झाले ६४ विरुद्ध १, तटस्थ ६०. साठ जणांनी हात बांधून बसायचे ठरवले की अर्थसंकल्प किती सहज मंजूर होतो!

दुसऱ्या अर्थसंकल्पाला, २८ जानेवारी २००९ रोजी, मी पुन्हा गॅलरीत होते. आता एका स्वयंसेवी संस्थेत नोकरी करत होते आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. हरित पक्षाला घरांना थंडीपासून आवरण घालण्याच्या योजनेसाठी वर्षाला दहा कोटी पौंड हवे होते. सरकारने शेवटच्या घटकेला देऊ केले ३ कोटी ३० लाख. चर्चा संपत आली तरी खाली मेजांच्या मधल्या वाटेत चिठ्ठ्या आणि कुजबुज चालूच होती. पाच वाजले. बाजूने ६४: नॅशनल ४७, हुजूर १६, मार्गो मॅकडोनल्ड. विरुद्ध ६४: मजूर ४६, लिबरल डेमोक्रॅट १६, हरित २. फर्ग्युसन यांनी प्रथेप्रमाणे आहे तीच स्थिती राखणारे, म्हणजे विधेयकाच्या विरोधात, निर्णायक मत दिले, आणि ३,३०० कोटी पौंडांचा अर्थसंकल्प एका वाक्यात कोसळला. गॅलरीतल्या कुणी आवाज काढला नाही. माझ्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी फक्त टोपी डोक्यावर घातली.

सॅमंड यांनी निवडणुकीची भाषा सुरू केली, आणि तेव्हा कळले की हात बांधून बसण्याला आणि नाही म्हणण्याला किती वेगवेगळी किंमत असते. निवडणूक कुणालाच नको होती. आठवडाभरात मजूर पक्षाला कारागीर-उमेदवारीच्या ७,८०० जादा जागा मिळाल्या, लिबरल डेमोक्रॅटही वळले, आणि ४ फेब्रुवारीला जवळजवळ तोच अर्थसंकल्प १२३ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला. विरोधातले दोघे हरित पक्षाचे. अडवले त्यांनी आणि पदरात पडले भलत्यांच्याच. त्यानंतर दोनच दिवसांनी बशीर अहमद वारले.

१२ नोव्हेंबर २०१४ रोजी महाराष्ट्रात निवडणुकीत १२२ जागा जिंकलेल्या पक्षाच्या सरकारने विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने जिंकला, तेव्हा मी पुण्यात होते आणि मला त्या मेजांवरचे तिसरे बटण आठवले. होलीरूडच्या छापील कामकाजात बाजूने, विरुद्ध आणि तटस्थ अशा तीन याद्या नावानिशी असतात. १६ मे २००७ चे ते तेहतीस जण कोण, हे आजही वाचता येते. आवाजी मतदानात कोण गप्प बसले, याची यादी राहत नाही. अल्पमतातले सरकार तर गप्प बसणाऱ्यांवरच उभे असते, म्हणून मला हा फरक लहान वाटत नाही.

माझी दोन वर्षे सप्टेंबर २००९ मध्ये संपली. विमानतळाची बस नेहमी प्रिन्सेस स्ट्रीटवरून जाई. त्या दिवशी ती वळसा घालून गेली, कारण प्रिन्सेस स्ट्रीट या टोकापासून त्या टोकापर्यंत ट्रामच्या रुळांसाठी खणून ठेवला होता. ज्या सरकारला ती ट्राम नको होती ते अजून जागेवर होते, आणि खड्ड्याचे पैसेही तेच भरत होते. माझ्या मांडीवर सामानाची एक पिशवी होती आणि तिच्यात प्रबंधाची एक प्रत, वडिलांना दाखवायला.